आठवण : शनिवारी संगणक केंद्रात गप्पा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता, जुन्या प्रशिक्षण खोलीत, आपले निवृत्त होणारे माहिती तंत्रज्ञान अधिकारी नोकरीच्या गोष्टी सांगणार आहेत. भाषण नाही, हारतुरे नाहीत. सरांनीच तशी अट घातली आहे.

सर रुजू झाले तेव्हा गुणांच्या याद्या फ्लॉपीवरून फिरायच्या. २००१ साली एमएस-सीआयटी आली आणि कार्यालयातली मंडळी माऊस धरायला त्यांच्यापाशी बसू लागली. खरी कसोटी मात्र मराठीची. जुन्या फॉन्टांत आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर परिपत्रक उघडलं की नुसता चिन्हांचा सडा! युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीनं देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले, पण टंकलेखनात मुरलेल्या बोटांना इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची वेगळी मांडणी शिकवणं सर्व्हर बसवण्याहून अवघड गेलं, असं सर म्हणतात. (माझी बोटं अजून चुकतात.)

जुन्या फॉन्टमधली एखादी फाइल पेनड्राइव्हवर आणा, ती युनिकोडमध्ये कशी आणायची ते तिथंच दाखवतील. पेनड्राइव्ह आधी व्हायरससाठी तपासा, गेल्या वेळचा गोंधळ पुन्हा नको.

खुर्च्या मोजक्याच आहेत, म्हणून शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव कळवा. नव्यानं रुजू झालेल्यांनी तर नक्की यावं. चहा साडेचारला.