रॅम्प आहे, पण किती फुटांचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका दाखल्यासाठी लातुरातल्या एका सरकारी कार्यालयात जायचं होतं. निघण्याआधी गुगल मॅपवर बघितलं. व्हीलचेअरचं चिन्ह होतं. म्हटलं, चला, सोय दिसते. तीनचाकी स्कूटरला घडीची खुर्ची बांधली, भाच्याला मागे बसवलं आणि गेलो.

रॅम्प होता, खोटं कशाला बोलू! दीड फूट उंच जोतं आणि त्याला पाच फुटांचा रॅम्प. नियम एकास बाराचा आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे तिथे अठरा फूट हवा होता. त्या घसरगुंडीच्या तोंडाशी दोन मोटारसायकली लावलेल्या. भाच्याने आणि शेजारच्या पानवाल्याने मला उलटं धरून वर ओढलं. आत काम दहा मिनिटांत झालं, वर-खाली करायला अर्धा तास गेला.

ते चिन्ह टाकणाऱ्यावर माझा राग नाही. इथे व्हीलचेअर जाते का, असं फोनने त्याला विचारलं असेल. त्याने उतार पाहिला, 'हो' दाबलं आणि पुढे गेला. चालणाऱ्याला उतार दिसतो, त्याचा चढ कळत नाही.

मी मूळचा किल्लारीकडचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमचं माळवद खाली आलं, तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मणक्याला मार बसला. आता औसा रोडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. फोन-कॉम्प्युटरशी रोजचाच संबंध, त्यातूनच 'व्हीलमॅप' सापडला, व्हीलचेअर कुठे जाते ते दाखवणारा ऑनलाइन नकाशा. बर्लिनच्या राउल क्राउटहाउझेन या खुर्चीवरच बसणाऱ्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी २०१० साली तो सुरू केला. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. तिथे कोणीही भर घालू शकतो, चूक दिसली तर कोणीही सुधारू शकतो. सिग्नलसारखे रंग आहेत. पायरी नसेल तर हिरवा, अडचण असेल तर पिवळा, जाताच येत नसेल तर लाल. ज्याची माहितीच नाही ते करडं. मी पहिल्यांदा लातूर उघडलं तेव्हा जवळजवळ सगळं गाव करडं होतं.

गंमत पिवळ्याची आहे. पिवळ्यासाठी दाराशी फार तर एक पायरी, तीही ७ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे आपली चार बोटं! आमच्या बाजारात चार बोटांची पायरी दाखवा. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. तिथली बहुतेक दुकानं नालीच्या वर, ओट्यावर. आधी नालीवरची फरशी, मग वीतभराची एक पायरी, मग दुसरी. बर्लिनच्या हिशोबाने सगळी गोलाई लाल. पण मी तिथेच खरेदी करतो. कारण आमच्याकडे हाक मारली की माणूस येतो, आणि कुठे एक माणूस पुरतो, कुठे दोन लागतात, हे मला आधी कळलं म्हणजे झालं.

म्हणून मी रंगावर थांबत नाही, शेरा लिहितो. 'दोन पायऱ्या, वीत-वीत. एक माणूस पुरे.' 'लिफ्ट आहे, पण तिच्याआधी चार पायऱ्या.' 'संडास चांगला, कुलूप लावलेलं, चावी शिपायाकडे.' आठ महिन्यांत दीडशेच्या वर जागा नोंदवल्या, टेप घेऊन. एका मेडिकलवाल्याला वाटलं, मी अतिक्रमणवाल्यांचा माणूस, पायरीचं माप घेतोय. बिचारा पाणी विचारायला आला. खरं कळल्यावर हसला, आणि पुढच्या आठवड्यात उतारासाठी लोखंडी फळी करून घेतली. गिऱ्हाईक आलं की टाकायची, गेलं की उचलायची. त्याचा शेरा मी त्याच दिवशी बदलला.

पण एकट्याने किती फिरणार? गेल्या जूनमध्ये परभणीकडच्या एका बाई फॉर्म भरायला आल्या. लेकराला चालायला काठ्या लागतात, तळमजल्यावरचा किंवा लिफ्टचा क्लास कुठला, म्हणाल्या. ज्या गावात सगळ्या मराठवाड्यातून पोरं शिकायला येतात, तिथले मला दोनच सांगता आले. रोज ते जिने चढणाऱ्या हजारो पोरांच्या खिशात फोन आहे. आपल्या क्लासला किती पायऱ्या, लिफ्ट चालू असते का, एवढं एकेकाने टाकलं तर पाच मिनिटांचं काम. फक्त 'सोय आहे' लिहू नका, पायऱ्या मोजून आकडा लिहा. माझा एक अंध मित्र म्हणतो, नालीचं झाकण उघडं आहे का तेही लिहायला सांग. बरोबर आहे त्याचं.

सरकारचंही 'सुगम्य भारत' नावाचं ॲप आहे, २०२१ पासून. त्यावर फोटोसह तक्रार करता येते, मी केलेली आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचे नियम २०१७ चे, तिथून जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्येच संपली. तक्रारी चालू ठेवूच. पण तक्रार साहेबाकडे जाते आणि शेरा माझ्यामागून येणाऱ्याला मिळतो. उद्या सकाळी ज्याला दाखल्यासाठी निघायचंय, त्याला शेरा लागतो.

जाता जाता एक. हे पत्र द्यायला मी तुमच्या इथल्या कार्यालयात आलो होतो. तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच, रॅम्प नाही. तुमच्या ऑफिसातला मुलगा पळत खाली आला आणि रस्त्यावरच पत्र घेऊन गेला. नकाशावर तुमची नोंद लाल केली आहे. मागच्या बाजूने सपाट वाट असेल तर कृपया शेरा टाकावा, मला दिसली नाही.

आपला,
एक वाचक, औसा रोड, लातूर
(नाव छापू नये, ही विनंती.)