ग्राफ क्लीन, नेट बंद

मा. संपादक,

नेट अडकतंय म्हणून कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर येतं, 'सर, ग्राफ क्लीन आहे, लाइन 40 टक्केच भरलीय'. परवा आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये तेच, मुलीची ऑनलाइन तोंडी परीक्षा दर दोन मिनिटांनी अडकत होती आणि तिकडे ग्राफ क्लीन! मी स्वतः नेटवर्कच्या नाइट शिफ्टला असतो म्हणून सांगतो, तो पोरगा खोटं बोलत नसतो, त्याच्यासमोरचा ग्राफच तसा असतो.

बहुतेक ठिकाणी तो ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. दादरला येणाऱ्या लोकलच्या गर्दीची चोवीस तासांची सरासरी काढा, वाटेल बसायला जागाच जागा, सकाळी 8:40 च्या फास्टला दारात लटकणाऱ्याला विचारा मग. आमच्या ऑफिसात 10 गिगाबिटची लिंक, ग्राफ 35 टक्क्यांवर आणि स्विचवरचा (सगळ्या मशीनच्या केबल जोडणारा डबा) ड्रॉप काउंटर, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटचा (डेटाच्या तुकड्यांचा) आकडा, मात्र वाढतोय, केबल बदलली, एसएफपी (केबल स्विचला जोडणारं मॉड्यूल) बदललं, दोन रात्री गेल्या, काही नाही. शेवटी पोर्ट मिरर करून, म्हणजे त्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल दुसरीकडे वळवून, पॅकेट पकडले तेव्हा कळलं, बॅकअप सुरू झाला की आठ-दहा सर्व्हर एकदम एकाच पोर्टवर तुटून पडायचे, 20 मिलिसेकंद लिंक फुल, बफर (पॅकेट थांबवून ठेवायची जागा) भरला की पुढची पॅकेट गेली कचऱ्यात. 20 मिलिसेकंद म्हणजे पाच मिनिटांचा 15 हजारावा भाग, ग्राफात काय दिसणार डोंबल!

सगळंच पकडून ठेवा म्हणाल तर 10 गिगाबिटवर 64 बाइटची बारकी पॅकेट सेकंदाला 1 कोटी 48 लाखांच्या वर येऊ शकतात, एकेकाला 67 नॅनोसेकंद, आणि तासभर भरून वाहणारी लिंक साठवायला साडेचार टीबी. म्हणून सॅम्पलिंग, हजारातलं एखादं बघायचं, टीसी तरी कुठे प्रत्येकाचं तिकीट बघतो. (सोसायटीतल्या काकांना वाटतं आम्ही त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप वाचतो. काका, कुठून कुठे किती बाइट गेले एवढंच दिसतं, मेसेज एन्क्रिप्टेड असतात.)

पण ड्रॉपला एवढा खटाटोप लागत नाही, तो आकडा स्विच आपणहून मोजतच असतो, फक्त बघायचा कोणी. तेव्हा ब्रॉडबँडच्या तक्रारी छापताना कंपनीला 'लाइन किती टक्के भरली' नको, 'त्या वेळात किती पॅकेट ड्रॉप झाले' ते विचाराल का? आणि उत्तर आलं तर तेही छापा.

मुलीची तोंडी शाळेने परत घेतली, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर.

– एक वाचक, भांडुप