मठातली कादंबरी वाचण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

नातीने धाडलेली मठातली कादंबरी एव्हाना पोचली असेल. किशोरांसाठी लिहिलेली, बाराव्या शतकातल्या बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या, मठात घडणारी, मधूनमधून भुतंखेतं डोकावणारी. भुतं समजायला काही लागत नाही. मठाचा दिनक्रम ठाऊक नसेल तर मात्र अर्धी गंमत हातची जाते, कारण रोजचा व्यवहार चोख असला तरच त्यातली जादू खरी वाटते.

आधी वेळा. यंत्राची घड्याळं तेराव्या शतकाच्या अखेरीस आली. तोवर उजेडाचे बारा भाग करत, म्हणून हिवाळ्यातला तास आखूड आणि उन्हाळ्यातला लांब. 'टर्स' ही साधारण सकाळी नऊची प्रार्थना, 'सेक्स्ट' दुपारी बाराची, 'नोन' तीनची, 'व्हेस्पर्स' संध्याकाळची, 'कॉम्प्लिन' निजण्यापूर्वीची. कॉम्प्लिननंतर बोलायला बंदी. पोरं रात्री कुजबुजताना दिसली, तर पकडलं गेल्यास शिक्षा आहे हे धरूनच वाचा.

हिवाळ्यात जेवण एकदाच, तेही नोननंतर. पण संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीचं 37वं प्रकरण म्हाताऱ्यांना आणि मुलांना वेळेआधी खायची मुभा देतं. तेव्हा कादंबरीतली मुलं दिवसभर उपाशी असतील, तर तो मठाधिपतीचा दुष्टपणा आहे की लेखकाची चूक, हे ताडून बघा.

बाबा, लेखनशाळेची, म्हणजे मठात हाताने पुस्तकं लिहीत त्या जागेची, प्रकरणं तुम्हाला आवडतील. पान कागदाचं नसे, कातड्याचं असे. वासराचं किंवा मेंढीचं कातडं काही दिवस चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मग लाकडी चौकटीवर ताणायचं. दोरी थेट भोकातून ओवली तर ताण वाढताच कातडं फाटतं. म्हणून कडेला कातड्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधत. मग चंद्रकोरीसारख्या सुरीने तासायचं. तासताना बारीकशी चीर पडली, तर ताणामुळे तिचं लंबगोल भोक होतं. ते पान टाकून देत नसत. लेखनिक भोकाला वळसा घालून लिहीत जाई. इंग्लंडच्या वेअरमथ-जॅरो मठात 716च्या आधी तयार झालेल्या 'कोडेक्स अमियाटिनस' या बायबलची हजाराहून जास्त पानं आहेत आणि वजन सुमारे 34 किलो. मठाकडे मोठे कळप का लागत, ते यावरून कळतं.

आई, शाईचं सामान तुझ्या ओळखीचं आहे. बाळगुटीतलं मायफळ असतं ना, तसल्याच ओकच्या गाठी कुटून पाण्यात किंवा वाइनमध्ये भिजवायच्या, गाळून त्यात हिराकस घालायचा, वर डिंक. लिहिताना ही शाई फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडते. हिराकस जास्त झाला तर पुढे ती पानच खाते. डिंक कमी पडला तर शाई पातळ राहते, टाकातून भसकन सुटते. ताजं अक्षर लगेच काळंभोर दिसतं असं कुठे लिहिलं असेल, तर लेखकाने ही शाई बनताना पाहिलेली नाही असं समज.

बोलायला बंदी असताना वापरायची हातवाऱ्यांची भाषाही नीट बघा. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात पुस्तक हवं असेल तर हाताने पान उलटल्यासारखं करत. ते बिगर-ख्रिस्ती लेखकाचं असेल तर त्यावर कुत्र्यासारखा कानही खाजवत! चांगला लेखक हे असलं काही सोडत नाही.

चुका पकडायच्या असतील तर स्वयंपाकघरात शोधा. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची, यातलं काहीही ताटात आलं तर ते चूक, कारण ही सगळी 1492नंतर युरोपात गेली. चष्माही तेराव्या शतकाच्या शेवटाचा, इटलीतला. बाराव्या शतकातल्या म्हाताऱ्या लेखनिकाच्या नाकावर तो असता कामा नये.

बाबा, सापडतील त्या चुकांचे पानांचे आकडे मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवा. नातीला हव्या आहेत.

तुमची,
लेक