पट्टी पिवळी पडली आहे: जर्मनीच्या संस्कृती राज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महोदय,
स.न.वि.वि.

या पत्राची जर्मन प्रत तुमच्या बर्लिनच्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत लिहितेय ते माझ्या माणसांसाठी, कारण ज्या रिळाबद्दल हे पत्र आहे, त्यात त्यांचीच माणसं आहेत.

1930च्या दशकात मुंबईला आलेल्या एका जर्मन प्रवाशाने 16 मिमी कॅमेऱ्यावर केलेलं चित्रण तुमच्या देशातल्या एका संग्रहात पडून आहे. सूचीत एकच ओळ: ‘मुंबई, ससून डॉक, मासे विकणाऱ्या बायका.’ माझी पणजी त्या काळात त्याच धक्क्यावरून पाटी उचलायची. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ती त्या रिळात असेलच असं मी म्हणत नाही. पण निदान बघू तरी द्याल की नाही?

चौदा महिने पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे रीळ बघायची तारीख मिळाली, तीही लेखी. बिनपगारी रजा काढली. पाठीचं दुखणं असताना रात्रभर बसून प्रवास केला. पोचल्यावर कळलं, रीळ आकसलंय, फिल्म बघायच्या टेबलावर चढणार नाही. फार विनवल्यावर डबा उघडून दाखवला. व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले. आत आम्ल तपासायची कागदी पट्टी होती. ती मुळात निळी असते, आम्ल वाढलं की हिरवी होते, आणि फार वाढलं की पिवळी. ही पिवळी पडली होती. हिरवी असताना कोणीच पाहिली नाही? तेव्हाच स्कॅन का केलं नाही? उत्तर आलं, ‘प्राधान्ययादीत नव्हतं.’

परतीच्या गाडीत मी रडले.

माझं रीळ ज्या अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकवर आहे, ती फिल्म अशीच मरते. तिच्यातून सुटणारं आम्ल तिलाच आणखी वेगाने खातं. थंडीत ठेवली तर वेळ मिळतो, जीवदान नाही. 2019पासून तुमचं केंद्र सरकार, राज्यं आणि चित्रपट अनुदान मंडळ मिळून चित्रपट वारशाच्या डिजिटायझेशनसाठी वर्षाला 1 कोटी युरोपर्यंत पैसे देतात. एका चित्रपटाला तीस हजार धरले, तरी वर्षाला तीनशेच्या वर चित्रपट होतात. माझं रीळ पंधरा मिनिटांचंही नसेल! पण पैसा मुख्यतः थिएटरात लागलेल्या चित्रपटांचा. हौशी माणसाच्या रिळाला वालीच नाही.

तुमच्या ‘मेट्रोपोलिस’ या 1927च्या गाजलेल्या मूकपटाची हरवलेली सुमारे 25 मिनिटं 2008 मध्ये कुठे सापडली, आठवा. ब्यूनस आयर्समध्ये, ओरखड्यांनी भरलेल्या 16 मिमी प्रतीत. परक्यांनी तुमचं जपलं. मग आमचं तुमच्याकडे का सडतंय? आमच्याकडे 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, कोठारांना आग लागली आणि जुना ठेवा जळाला. आमचं जे काही उरलंय, त्यातलं कितीतरी तुमच्या डब्यांत आहे. ते आमच्यातल्या कोणी मागितलं की याद्या, नियम, हक्कधारकाचा पत्ता! वारसा म्हणायचं, आणि ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना दारातून परत पाठवायचं, हे मला मान्य नाही.

प्रत्येक डब्यातली पट्टी तपासा. ज्यांची पट्टी पिवळी पडली आहे त्या रिळांची यादी सगळ्यांना बघता येईल अशी जाहीर करा, आणि प्रसिद्ध असोत वा नसोत, आधी ती रिळं स्कॅन करा. माझ्या डब्याचा क्रमांक जर्मन प्रतीत लिहिला आहे. हा उन्हाळा त्याला झेपेल असं मला वाटत नाही.

आपली,
कुलाब्याच्या कोळीवाड्यातली एक लेक,
सध्या मुक्काम हॅम्बुर्ग