तक्रार: गॉर्डन किल्ट, चुकीचे प्लीट आणि पाच गोंडे

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: गॉर्डन हायलँडर्स या जुन्या स्कॉटिश पलटणीच्या नमुन्याचा मापाचा किल्ट, स्पोरन (किल्टपुढे लटकणारी थैली) आणि स्पॅट्स (बुटांवर चढवायची बटणांची आवरणं). तिन्ही चुकीचे.

आत्ताच तुमच्या पुण्यातल्या ग्राहकसेवा केंद्राचा फोन ठेवला. तिथल्या सुपरवायझरनेच सांगितलं की तक्रार लेखी द्या, मराठीत दिली तरी चालेल, आम्ही पुढे पाठवू. म्हणून मराठीत देतो आहे. स्कॉटलंडमधल्या दुकानाला ॲबर्डीनमधल्या गिऱ्हाइकाने पुण्यामार्गे लिहायचं, ही व्यवस्था तुमची आहे, माझी नाही. ऑर्डरची प्रत, पावती आणि फोटो सोबत आहेत.

मी काय मागवलं ते तुमच्याच साइटवर लिहिलेलं आहे: ८ यार्ड, १६ औंसाचं लोकरी कापड, रेजिमेंटल गॉर्डन टार्टन (म्हणजे चौकटीचं कापड), नाइफ प्लीट (एकाच दिशेला वळलेल्या घड्या), प्लीट पिवळ्या पट्ट्यावर. जोडीला सैनिकाचं पांढऱ्या घोडाकेसांचं स्पोरन आणि पांढरे स्पॅट्स. माप बेंबीच्या रेषेवर घेतलं होतं, लांबी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. माप तेवढं बरोबर आलं. बाकी काहीच नाही.

प्लीट पट्ट्यावर नाहीत, सेटवर, म्हणजे टार्टनच्या पूर्ण चौकटीवर, आहेत. तुम्ही किल्ट विकता, तेव्हा यातला फरक तुम्हाला सांगायची गरज नसावी. पण तुमच्या फोनवर दोन माणसांना तो सांगावा लागला, म्हणून इथेही लिहितो. सेटवर घातले की पुढच्या सपाट भागातली चौकट मागेही जशीच्या तशी जुळते. नागरी किल्टला ते शोभतं. पलटणीच्या किल्टचं तसं नसतं. गॉर्डनच्या किल्टला प्रत्येक प्लीटच्या मधोमध पिवळी रेघ उभी यायला हवी, अशा ओळीने रेघा. १७९३ मध्ये हंटली गावच्या कापडवाल्या विल्यम फोर्साइथने ड्यूक ऑफ गॉर्डनपुढे एका, दोन आणि तीन पिवळ्या रेघांचे नमुने ठेवले आणि ड्यूकने एका रेघेचा निवडला. पुढच्या वर्षी पलटण उभी राहिली. ती रेघ काढली तर उरतो तो ब्लॅक वॉच या दुसऱ्या पलटणीचा गडद निळा-हिरवा-काळा. म्हणजे अख्ख्या पलटणीची ओळख त्या एका रेघेवर उभी आहे, आणि तुमच्या शिवणाऱ्याने नेमकी तीच घडीत गाडून टाकली.

कापडाचंही तेच. १६ औंसाचा ८ यार्डी किल्ट पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. तुमचा घरच्या काट्यावर सव्वा किलोवर थांबला. हे ११ औंसाचं कापड आहे, आणि ते ओळखायला काटाही लागला नसता. जानेवारीत समुद्रावरून येणाऱ्या ॲबर्डीनच्या वाऱ्यात हे नेसून तुमच्या कुठल्याही संचालकाने चौकात उभं राहून दाखवावं. फोटो मी काढतो.

स्पोरनला पाच गोंडे. गॉर्डनच्या सैनिकाच्या स्पोरनला लांब काळे गोंडे दोन असायचे. पाच ब्लॅक वॉचचे, सहा आर्गाइल पलटणीचे. हे पलटणींचे पोशाख जमवणारं शाळकरी पोरही सांगेल. स्पॅट्सची बटणं पांढरी. गॉर्डनची बटणं काळी असायची, १८०९ मध्ये स्पेनमधल्या कोरुनाच्या लढाईत पडलेले सेनापती सर जॉन मूर यांच्या स्मरणार्थ. तुमच्या साइटवर त्याच स्पॅट्सखाली ही सगळी कथा छापलेली आहे, 'मूर यांच्या दुखवट्याची काळी बटणं' अशा शब्दांत, आणि त्याखालच्या फोटोत बटणं पांढरी. मजकूर लिहिणारा आणि माल भरणारा एकमेकांना कधी भेटलेच नसावेत.

आता फोन. तो विसरायचं ठरवलं होतं, पण जमत नाही.

बराच वेळ बॅगपाइप ऐकवल्यावर एक मुलगा आला. आडनाव बघून म्हणाला, "अरे वा, मराठी का? बोला ना काका." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता तरी कुणीतरी ऐकून घेईल. सगळं सांगितलं.

"काका, पण पिवळी रेघ कापडात आहे ना?"

"आहे."

"मग?"

"प्रत्येक प्लीटच्या मध्यावर यायला हवी. तशी ऑर्डर आहे."

"पुढून दिसतेय की पण."

"पुढून दिसणारच, पुढचा भाग सपाट असतो. प्लीट मागे असतात."

"मागे?" मग थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. "काका, मागचं तुम्हाला दिसणार कुठे?"

मी म्हटलं, मला नाही दिसणार, मागे उभ्या असणाऱ्याला दिसेल. त्यावर तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "त्यांना कळणार आहे का पण?"

साहेब, मी ॲबर्डीनमध्ये राहतो. ही पलटण याच मुलखातून भरती व्हायची. तिचं संग्रहालय याच गावात आहे. इथल्या बसस्टॉपवर कुणाचा ना कुणाचा आजोबा गॉर्डनमध्ये होता. इथे कळणार नाही तर कुठे कळणार, कोथरूडला? उद्या पैठणीचा पदर आतून दुमडून शिवा आणि बाईंना सांगा, मोर आहेत की आत, तुम्हाला कशाला दिसायला हवेत!

मग त्याने विचारलं, "पण काका, तुम्ही कशाला जमवता हे सगळं?" एरवी या प्रश्नावर मी तासभर बोलतो. दर्गाईच्या टेकडीपासून सुरू करतो: २० ऑक्टोबर १८९७, वायव्य सरहद्दीवरची तिराहची मोहीम, पायात गोळ्या लागल्यावर बसून पाइप वाजवत राहिलेला गॉर्डनचा पाइपर फिंडलेटर, त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस. पण फोन माझ्या पैशाने चालू होता. म्हटलं, आवड आहे. "छान छान," म्हणाला, आणि सुपरवायझरकडे दिलं.

सुपरवायझर 'सर' म्हणणारा होता. त्याच्या सिस्टीमवर 'टार्टन: गॉर्डन, बरोबर' एवढंच दिसत होतं. प्लीटचा रकानाच नाही म्हणे. आणि मग त्याने तोडगा दिला: "सर, जवळच्या लाँड्रीत देऊन इस्त्रीने घड्या फिरवून घ्या ना."

इस्त्रीने.

व्यवस्थापक महाशय, हे वाक्य मी तुमच्यासाठी शब्दशः लिहिलं आहे. हे तुमच्या कारागिराला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. नितंबापासून कंबरेपर्यंत प्रत्येक प्लीट निमुळता करत शिवलेला असतो, जाडी कमी करायला आतलं जादा कापड कापलेलं असतं. ते कापड परत येत नाही. उसवला तरी पट्ट्यावरचा किल्ट यातून होणार नाही, इस्त्री तर लांबच. हे पुण्याच्या मुलाला माहीत नसेल तर दोष त्याचा नाही. त्याला कुणी कधी किल्ट हातात धरायला दिला नाही, हा दोष तुमचा. त्याच्यावर कारवाई वगैरे करू नका. तो निदान फोन उचलतो. तुमच्या एडिंबराच्या नंबरवर नुसती घंटा वाजते.

शेवटी 'मापाचा माल परत घेत नाही' हे ऐकवलं आणि पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देऊ केली. पुढची खरेदी! सहावा गोंडा पाठवणार का?

मापाच्या मालाला १४ दिवसांत मन बदललं म्हणून परत करण्याचा हक्क नाही, हे मला ठाऊक आहे. माझं मन बदललेलं नाही, माल बदललेला आहे. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे वस्तू वर्णनाप्रमाणे हवी, आणि मापाच्या वस्तूलाही ते लागू आहे. ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. ती मुदत अजून संपलेली नाही, आणि हे पत्र म्हणजेच नकार समजावा. पैसे क्रेडिट कार्डाने भरले आहेत, तेव्हा १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली बँकेकडेही जाईन. तेवढ्याने भागलं नाही तर शेरिफ कोर्टात छोट्या दाव्यांसाठी सिंपल प्रोसीजर आहे, ५,००० पौंडांपर्यंत चालते आणि वकील लागत नाही. तुमचं स्पोरन आणि दोन गोंड्यांचं खरं स्पोरन टेबलावर शेजारी शेजारी ठेवीन. गोंडे मोजता आले म्हणजे झालं.

खरं सांगायचं तर कोर्टाची धमकी लिहिताना मजा येत नाहीये. माझ्या कपाटातले जुने किल्ट मी नेसत नाही. पहिल्या महायुद्धातला एक आहे, त्याची कंबर आजच्या कॉलेजातल्या पोरालाही बसणार नाही, शिवाय त्याला कसर लागू नये म्हणून मी जिवाचं रान करतो. म्हणून नेसायला एक नवा, पण खरा, हवा होता, २५ जानेवारीच्या बर्न्स सपरला, म्हणजे कवी बर्न्सच्या स्मरणार्थ होणाऱ्या जेवणाला. तुमच्याकडून पूर्वी घेतलेली ग्लेनगॅरी टोपी आणि होज, म्हणजे लांब मोजे, उत्तम निघाले होते. ओळखीच्या लोकांना तुमचं नाव मीच सांगायचो. ते आता बंद.

मला हवं आहे ते असं: पट्ट्यावर प्लीट घातलेला १६ औंसाचा नवा किल्ट, दोन गोंड्यांचं स्पोरन आणि काळ्या बटणांचे स्पॅट्स, सगळं बर्न्स सपरच्या आत. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम आणि परतीचा टपालखर्च. सूट नको. कूपन नको. आणि उत्तर अशा माणसाने द्यावं ज्याने आयुष्यात एकदा तरी किल्ट मागच्या बाजूने पाहिला आहे.

एक जुना ग्राहक,
ॲबर्डीन

ता. क. पार्सलात भेट म्हणून टाकलेली किल्ट पिन परत पाठवतो आहे. तिच्या कागदावर 'पुढच्या दोन्ही थरांतून टोचा' असं छापलं आहे. पिन फक्त वरच्या थराला लावायची असते. दोन्हींतून टोचली की बसता-उठता कापड फाटतं. निदान तेवढा कागद तरी बदला.