सूचना : जीवरसायन सुरू करण्याआधीची उजळणी

नमस्कार मंडळी,

पुढच्या सोमवारपासून आपला गट जीवरसायनशास्त्राला हात घालतोय. त्याआधी सामान्य रसायनाची उजळणी प्रत्येकाने करून यावी. मागच्या खेपेला निम्मा वेळ लॉग (लॉगॅरिदम) समजावण्यातच गेला, म्हणून हा आग्रह.

सगळ्यात जास्त वेळ आम्ल, आम्लारी आणि बफरला (सामू फारसा बदलू न देणाऱ्या मिश्रणाला) द्या. सामू, म्हणजे पीएच, १ ने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दसपट होते. हे नुसतं पाठ करू नका, मांडून बघा. रक्ताचंच घ्या. बायकार्बोनेट २४ आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे प्रमाण २०:१. वीसचा लॉग १.३, पीकेए (आम्ल हायड्रोजन आयन किती सहज सोडतं ते सांगणारा आकडा) ६.१. बेरीज ७.४, हाच रक्ताचा सामू! हे एकदा हाताखालून गेलं की अमिनो आम्लांवरचा प्रभार कधी बदलतो ते आपोआप कळतं. ग्लायसिन या साध्या अमिनो आम्लाच्या दोन पीकेए, २.३४ आणि ९.६०, यांची सरासरी काढून आणा; सुरुवात तिथूनच आहे.

मग हायड्रोजन बंध, रासायनिक समतोल आणि मुक्त ऊर्जेचं चिन्ह. ऑक्सिडीकरण-क्षपणात इलेक्ट्रॉन कुणी दिला, कुणी घेतला एवढं ओळखता आलं तरी पुरे. मोलचं गणित कच्चं असेल त्यांनी मात्र आधी तेच पक्कं करावं. धातूंचं निष्कर्षण वगैरे सध्या खुशाल सोडा (हे माझं मत, रागावू नये).

लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर आणायला विसरू नका. अडलेलं शनिवारपर्यंत इथेच विचारा.