गावंढळ कुणाला म्हणायचं?

सातारा
रविवार, सकाळ

प्रिय दोस्ता,

पत्र पोचलं. तुझ्या नव्या नाटकातली बायको नवऱ्यावर ओरडते, तिथं तू ‘गावंढळ’ लिहिलंयस आणि मन मानत नाही म्हणतोस. मानू देऊच नकोस. का ते सांगतो, पण आधी आबांचं ऐक.

मागच्या महिन्यात त्यांना मोतिबिंदूसाठी मिरजेला नेलं होतं. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. डॉक्टरांच्या खोलीच्या दारात आबांनी वहाणा काढल्या, जोडीनं भिंतीला लावून ठेवल्या आणि मग उंबरा ओलांडला. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या म्हणून हेही उभेच. त्या बसल्या, ‘बसा आजोबा’ म्हणाल्या, तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकले. बाहेर आलो तर वहाणा जागेवर नव्हत्या. तिथल्या एका पोरानं पायानं ढकलून त्या कोपऱ्यात घातल्या होत्या आणि शेजारच्याला सांगत होता, “काय गावंढळ माणसं येतात!” आबांच्या कानावर गेलं ते. त्यांनी वाकून वहाणा उचलल्या, झटकल्या, पायात घातल्या आणि त्याच पोराला विचारलं, “दादा, औषदाचं दुकान कुनीकडं वो?” पंच्याहत्तरी उलटलेला माणूस विशीतल्या पोराला ‘वो’ म्हणत होता. एसटीत विटा येईपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत बसले. मी त्या पोराला एक शब्द बोललो नाही, हे मला अजून टोचतंय.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. बघ ना, कुणाला असंस्कृत म्हणायचं झालं की आपली भाषा पहिल्यांदा त्याचं गाव काढते. गावंढळ, खेडवळ, गावठी, सगळ्यांत गाव नाहीतर खेडं. संस्कृतातला ‘ग्राम्य’ही तसाच, काव्यशास्त्रात तर ग्राम्यपणा हा दोष म्हणूनच मोजलाय. ‘सभ्य’ म्हणजे सभेत शोभणारा. सभेत ज्याला कुणी बसूच दिलं नाही, तो आपोआप असभ्य. आणि ‘रानटी’! आपल्याकडं रान म्हणजे जंगल थोडंच? “आबा रानात गेल्यात,” “वरचं रान भिजवायचं राहिलंय,” असं आपण रोज बोलतो. ज्या रानानं तुझी-माझी फी भरली, त्याच शब्दाला ‘टी’ लावला की शिवी तयार.

खाण्यापिण्यात मात्र गाव चालतं. गावठी अंडी, गावरान कोंबडी, गावरान तूप म्हटलं की लोक दोन पैसे जास्त देऊन घेतात. माणूस गावठी निघाला की नाक मुरडतात.

हे सगळं उलटं करून दाखवणारा माणूस आपल्याच भाषेत होऊन गेलाय. नागर म्हणजे नगरातला, म्हणून सुंदर, सुघड. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तिच्या दहाव्या अध्यायात ‘देशियेचेनि नागरपणें’ असे शब्द येतात. देशी म्हणजे आपली मराठी, आणि नागरपण तिचं! संस्कृत ही पंडितांची भाषा असलेल्या काळात त्यांनी ते नागरपण घराघरातल्या बोलीला दिलं. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तुझं ‘पानी’ ऐकून वर्ग हसला होता, आठवतं? ‘हेंगाडं बोलतोय’ म्हणाले आणि तू महिनाभर वर्गात तोंड उघडलं नाहीस. ही ओवी तेव्हा मला माहीत असती तर त्याच रात्री हॉस्टेलवर तुला वाचून दाखवली असती.

‘अडाणी’चं दुखणं वेगळं. तो शब्द लोकांनी स्वतःलाच लावून घेतलाय. कुठल्याही कागदावर अंगठा उठवण्याआधी माझी आई म्हणायची, “आमी अडानी मानसं, सायेब,” जणू गुन्हा कबूल करतेय. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली ती याच माणसांच्या पोरांसाठी. आईच्या वाट्याला शाळा आली नाही, एवढाच ‘अडाणी’चा अर्थ. तिच्या वागण्याचा त्यात काही संबंध नाही.

‘रांगडा’ मात्र मला आवडतो. तालमीतला गडी रांगडा, आपली बोली रांगडी, त्यात मातीचा जोर आहे. पण “आम्ही रांगडी माणसं, तोंडावर बोलतो,” असं म्हणत जो समोरच्या बाईमाणसाचा पाणउतारा करतो, त्याला मी रांगडा म्हणू देणार नाही. तो उर्मट.

सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं बघायला गेलो होतो. एक जण पोरांना घेऊन महागड्या गाडीतून उतरला, दोरीखालून आत शिरला आणि फोटोसाठी फुलांत आडवा झाला. गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं, ती नखाएवढी जांभळी फुलं, सगळी त्याच्या पाठीखाली. राखण करणारी गावातली बाई धावत आली, “आवो दादा, फुलावर पडू नगा वो, बी धरायचंय त्येला.” तो पडल्या पडल्याच म्हणाला, “तू कोण मला सांगणार? पैसे भरलेत.” आता यांतलं नागर कोण, सांग.

म्हणून तुझ्या त्या नवऱ्याकडं नीट बघ. तो करतो काय? भांडी आपटतो, दार धाडकन लावतो, तर धसमुसळा. कुणाचं ऐकतच नाही, तर आडमुठा. अंगावर धावून जातो, तर दांडगट, धटिंगण. लाजलज्जा सोडलीय, तर निलाजरा. बायकोला चारचौघांत तुच्छ करतो, तर उर्मट, आणि त्यात पैशाचा माज असेल तर माजोरी. यातला प्रत्येक शब्द माणसाच्या वागण्यावर बोट ठेवतो, त्याच्या गावावर नाही. तू लिहिलंयस की तो तिच्या वडिलांना ताटावरून उठवतो. मग ती ‘माजोरी’च म्हणेल. ‘असंस्कृत’ तर मुळीच घालू नकोस. संतापलेल्या बाईच्या तोंडी चार अक्षरांचा पुस्तकी शब्द येत नाही. शंका राहिली तर दाते-कर्व्यांचा मराठी शब्दकोश उघड. 1932 ते 1938 मध्ये निघालेले ते सात खंड मी इथं वाचनालयात तासन्‌तास चाळतो.

तिसऱ्या अंकाची पानं पाठव, मोठ्यानं वाचून बघतो. आबांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. तू येतोस का मिरजेला? तुला बघून त्यांना बरं वाटेल. या वेळी त्यांच्या वहाणा मी दाराशी उभा राहून सांभाळणार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना खोलीभाऊ